पद्मिनीचे दरवाजे आणि बारा मिलिमीटर रबर

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चिपळूणहून सरांचा फोन आला. “गाडीत पाणी येतंय. मागच्या सीटपुढची चटई उचलली तर खाली डबकं आहे.” मार्चमध्ये आम्ही पुण्याहून पूर्ण काम करून दिलेली ही १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. सरांनी आवाज चढवला नाही. शाळेतून निवृत्त झालेला शांत माणूस. त्यांनी एवढंच विचारलं, “देण्याआधी पाणी मारून बघितली होती ना?”

नव्हती बघितली. तसं सांगितलं, आणि पुढचं वर्षभर त्या गाडीच्या दरवाजा-डिकीच्या रबरांनी मला जे शिकवलं ते सविस्तर लिहून ठेवतो आहे. जुन्या गाड्यांचं काम करणारे आम्ही लोक इंजिनावर, रंगावर, क्रोमवर तासन्‌तास बोलतो. रबराचं काम मात्र शेवटच्या दिवशी, गाडी न्यायला माणूस दारात उभा असताना, गॅरेजमधल्या पोराच्या हातात सोल्युशनचा, म्हणजे रबर चिकटवायच्या गोंदाचा, डबा देऊन उरकतो. मीही तेच केलं होतं.

गाडीबद्दल थोडं. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून जी गाडी प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत बनवायला घेतली, तिलाच १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, छताच्या कडेला पावसाची पन्हळ. मुंबईत काळी-पिवळी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत धावली. या कामापुरती तिची एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: तिला वेगळी चेसिस नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. दरवाजांखालून जाणारा पत्र्याचा पोकळ खोका, ज्याला आम्ही सिल म्हणतो, तो गाडीचं वजन पेलतो. त्या सिलचा आणि मागच्या सीटपुढच्या डबक्याचा संबंध असेल, हे फोन आला तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हतं.

पहिल्या वेळी काय केलं

गाडी आली तेव्हा कोकणच्या हवेने दोन्ही सिल खाल्ली होती. आमचे डेंटर, ज्यांना अख्खं गॅरेज मामा म्हणतं, त्यांनी ती कापून नवीन घडवून बसवली. दरवाजे उतरवून ठेवलेले होते, गाडी जॅकवर होती. मग घासकाम, पुट्टी, प्रायमर, हार्डनर मिसळून मारायचा गडद निळा टू-के पीयू रंग. रंगाच्या वेळी पुढच्या काचेखालच्या पत्र्यावर बारीक गोल खळगे पडले, पेंटर ज्यांना फिश आय म्हणतात ते. काचेचं जुनं रबर गळतं म्हणून आधी कुणीतरी त्यात सिलिकॉन भरलं होतं. सिलिकॉनचा अंश पत्र्यावर राहिला की रंग तिथून पळतो, आणि तो अंश नुसत्या थिनरने पुसून जात नाही, उलट फडक्याबरोबर पसरतो. त्यात ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते सुकताना खरोखरच ॲसेटिक ॲसिड सोडतं. उघड्या लोखंडाला ते गंजवतं. काचेच्या चौकटीचे खालचे दोन्ही कोपरे त्यामुळेच पोखरले होते. तेवढा भाग पुन्हा करावा लागला, वेळापत्रक आठवडाभर मागे गेलं, आणि त्या आठवड्याची भरपाई आम्ही रबराच्या वेळेतून केली.

दरवाजांची आणि डिकीची पट्टी पुण्यात नाना पेठेतून आणली. पोकळ गोल असलेली, तळाला सपाट पाय असलेली, ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची पट्टी, उंची १२ मिलिमीटर. माल चांगला होता, आजही मी त्याला नाव ठेवणार नाही. नैसर्गिक रबराला ऊन आणि हवेतला ओझोन काही वर्षांत भेगा पाडतात. ईपीडीएम त्या बाबतीत कितीतरी टिकाऊ, म्हणून हल्लीच्या गाड्यांना बहुतेक तेच असतं. पेट्रोल, ऑइल, ग्रीस मात्र त्याला सोसत नाही, ते फुगतं.

रंगाच्या पाचव्या दिवशी रबर चिकटवलं. सीटकव्हरला, रेक्झिनला वापरतो तेच पिवळं सोल्युशन दोन्हीकडे लावलं आणि दाबून बसवलं. मागचा उजवा दरवाजा लागेना. लागला तर आपटून, आणि हात काढला की किंचित उसळी मारायचा. मग दरवाजाचं कुलूप ज्यात अडकतं तो खांबावरचा खटका सैल करून दोनतीन मिलिमीटर बाहेर सरकवला. दरवाजा लागला. गाडी गेली.

एप्रिलमध्ये डिकीच्या पट्टीचं एक टोक लोंबायला लागलं. सरांनी ते सांगितलं, मी म्हटलं पुढच्या खेपेला बघू. मे महिन्यात त्यांच्या घरच्यांना मागच्या सीटवर धुराचा वास येऊ लागला. त्याकडे मी लगेच लक्ष द्यायला हवं होतं, आणि या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त खंत याच गोष्टीची आहे. गाडी चालत असताना तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर त्या पोकळीत घुटमळतो. डिकीचं रबर नीट टेकत नसेल, तर काचा थोड्या खाली केल्या की तो धूर डिकीतून आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो आणि तो जिवावर बेतू शकतो. डिकीचं रबर सामान भिजू नये म्हणून असतं असं आपण समजतो. त्याचं त्याहून महत्त्वाचं काम हे आहे. आता कुणाचाही असा फोन आला की मी आधी सांगतो, गाडी उभी करा.

रबर ओढून काढताना

जूनमध्ये गाडी पुण्याला आणली. चिकटवण्याचं काम पावसाळ्यात करायचं नाही, एवढं मामांना अनुभवाने ठाऊक होतं. दमट हवेत सोल्युशनमधला द्रव उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर डोळ्यांना न दिसणारं दव धरतं, आणि थर पांढरट होऊन चिकटायचा बंद होतो. त्यामुळे दुरुस्ती दिवाळीनंतर, हे ठरलं. पण चूक कुठे झाली ते शोधायला पाऊस आड येत नव्हता.

मामा पट्ट्या ओरबाडून काढायला निघाले होते. मी त्यांना थांबवलं आणि एकेक वीत सावकाश सोलत गेलो. मला बघायचं होतं की सोल्युशन कुठल्या बाजूला राहतं.

दरवाजांच्या वरच्या अर्ध्या भागात सगळं सोल्युशन रंगावर राहिलं होतं, पिवळ्या फितीसारखं, सलग. रबराचा पाय मात्र कोरा करकरीत. जणू त्याला कधी काही लागलंच नव्हतं. म्हणजे रंगाशी जोड उत्तम होती, रबराशी झालीच नव्हती. याची कारणं दोन. नवीन पट्टीवर कारखान्यातली पावडर किंवा साच्यातून सुटायला लावलेला तेलकट थर असतो. आम्ही तो पुसला नव्हता. दुसरं कारण खोलवरचं. पिवळं सोल्युशन हे निओप्रीन जातीच्या रबराचं, आणि ईपीडीएमचा पृष्ठभाग मुळातच असा की त्यावर असल्या गोंदाला पकड मिळत नाही. ज्या गुणामुळे ते रबर उन्हापावसात टिकतं, त्याच्याच जोडीने हा अलिप्तपणा येतो. ते खरवडावं लागतं, पुसावं लागतं, आणि त्याच्यासाठी बनवलेला प्रायमर लावावा लागतो.

डिकीत अगदी उलटं चित्र. तिथे सोल्युशन रबराबरोबर निघून आलं, आणि सोबत निळ्या रंगाची सुरकुतलेली साल घेऊन आलं. तिथे रबर सुटलेलं नव्हतं, रंग सुटला होता. डिकीच्या तोंडाभोवतीच्या पन्हळीत रंग ओघळून जाड बसतो. फेब्रुवारीतल्या पुण्याच्या थंड रात्री, भट्टी नाही, पाच दिवस. टू-के रंग दुसऱ्या दिवशी हाताला सुका लागतो, पण जाड थराच्या पोटातून थिनर निघायला आणि हार्डनरचं काम पुरं व्हायला कित्येक दिवस, कधी आठवडे जातात. त्यावर आम्ही सोल्युशन लावलं, आणि सोल्युशनमधले द्रव थिनरचेच सख्खे भाऊ. खालून आणि वरून कोंडलेला तो थर फुगला आणि पत्र्यावरून उठला. कारखान्यात रंग भट्टीत भाजून निघालेला असतो, म्हणून तिथे लगेच रबर लावलेलं चालतं. आपल्या गॅरेजातल्या रंगाला तो नियम लावता येत नाही.

तिसरा प्रकार दोन ठिकाणी दिसला. पट्टी ओढताना सोल्युशन मधूनच फाटत होतं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे, मध्ये तारा. तिथे दोन्ही बाजूंना पकड होती, पण गोंदातच दम नव्हता. घाईत ओलं असतानाच दाबलं, आणि मग एप्रिलच्या उन्हात गडद निळा पत्रा तापला की असलं सोल्युशन मऊ पडून हळूहळू सरकतं.

त्या दिवशी मी वहीत दरवाजांची चित्रं काढून कुठे काय निघालं ते रंगीत पेन्सिलने भरलं. आणि तेव्हा लक्षात आलं की चित्र अजून अपुरं आहे. मागच्या उजव्या दरवाजाच्या वरच्या कोपऱ्यात पट्टी अजून बऱ्यापैकी चिकटलेली होती. चांगली घट्ट. आणि पाणी नेमकं तिथूनच आलं होतं.

मातीचे गोळे

रबर चिकटलेलं असणं आणि रबर टेकलेलं असणं यांत फरक आहे. पोकळ पट्टी दाबली गेली तरच पाणी अडवते. साधारण तिसरा हिस्सा दबावी, निम्म्यापेक्षा जास्त दबू नये. १२ मिलिमीटर पट्टीला म्हणजे पत्र्या-पत्र्यातली फट सात ते नऊ मिलिमीटर हवी.

फट मोजायला मुलांच्या खेळण्यातली माती आणली. तिचे गोळे प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळून दरवाजाच्या कडेला वीतभर अंतरावर लावले, दरवाजा सावकाश बंद केला, उघडला, आणि चपटे झालेले गोळे कॅलिपरने मोजले. मागच्या उजव्या दरवाजाला खाली बिजागरीच्या बाजूला पाच मिलिमीटर. वरच्या मागच्या कोपऱ्यात चौदा. बारा मिलिमीटरची पट्टी चौदाच्या फटीत कितीही उत्तम चिकटवली तरी दोन मिलिमीटर उजेड राहतोच. आणि खाली पाचच्या फटीत ती निम्म्याहून जास्त चेंगरते, म्हणून दरवाजा उसळी मारतो. आम्ही खटका बाहेर सरकवला तेव्हा खालची उसळी गेली आणि वरची फट आणखी वाढली. एका दुखण्याचं औषध दुसरं दुखणं वाढवून बसलं.

मग दरवाजाच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले, डाव्या बाजूचे आणि उजव्या बाजूचे. उजवीकडे सहा मिलिमीटरचा फरक. मामांनी टेप हातात घेऊन स्वतः पुन्हा मोजलं आणि गप्प बसले. मग म्हणाले, “दादा, सिल कापलं तेव्हा आडव्या पट्ट्या मारायला पाहिजे होत्या.” त्यांचं बरोबर होतं. चेसिस नसलेल्या गाडीचं सिल कापताना दरवाजाच्या पोकळीत आडवे-तिरके पाइप वेल्ड करून ती जागच्या जागी धरून ठेवावी लागते, नाहीतर जॅकवरची गाडी स्वतःच्या वजनाने किंचित वाकते आणि वेल्डिंग तिला त्याच स्थितीत पक्कं करतं. निदान दरवाजे तरी लावलेले हवेत, म्हणजे फट बिघडताना डोळ्यांना दिसते. त्या कामावर देखरेख माझी होती. वेळ वाचवायला दरवाजे उतरवा, असं मीच म्हटलं होतं.

ओल्या चटईचा माग असा रबरावरून फटीवर, फटीवरून चौकटीवर आणि चौकटीवरून सिलवर गेला. सगळ्यात शेवटी लागणारी वस्तू सगळ्यात आधी झालेली चूक दाखवत होती.

मधल्या काळात पुष्कळांनी सल्ले दिले. एकाने सांगितलं, नव्या मारुतीच्या दरवाजाचं पत्र्यावर चढवायचं रबर आणा, गोंदाची भानगडच नको. त्या पट्टीच्या पोटात धातूची पकड असते आणि ती उभ्या पत्र्याच्या कडेवर खोचली की बसते. रबर झकास, पण त्याला सलग, ठरावीक जाडीची उभी कड लागते, आणि ज्या फटीसाठी ते घडवलं ती फट लागते. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. दुसऱ्याने वरच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या एकावर एक लावायला सांगितलं. तसं केलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. वर्षभरात वरची पट्टी कलंडते आणि दोहोंच्या मधल्या खोबणीत पाणी साठून पत्रा आतून सडतो.

दुसऱ्यांदा

नोव्हेंबरात काम सुरू झालं. सिल पुन्हा कापायचं नाही, असं मामांनी आणि मी विचारान्ती ठरवलं. नवा जोड तोडण्यात जास्त नुकसान होतं. आधी बिजागऱ्या. दरवाजा अर्धा उघडून टोकाला धरून वर उचलला की हाताला खडखड लागते का बघायचं. चालकाच्या दरवाजाला लागत होती, त्याच्या बिजागरीच्या पिना बदलल्या. लोंबणाऱ्या दरवाजाचा भार रबरावर टाकला तर ते दोन महिन्यांत चपटं होतं. मग मागच्या उजव्या दरवाजाच्या खालच्या बिजागरीमागे पातळ पत्र्याच्या चकत्या घातल्या, पाचची फट सातवर आली.

वरचा कोपरा मामांनी जुन्या पद्धतीने आणला. कुलपाच्या उंचीला दरवाजा आणि खांब यांच्यामध्ये लाकडी ठोकळा धरला, आणि काचेच्या चौकटीच्या वरच्या टोकाला दोन्ही तळहातांनी आत रेटा दिला. झटका नाही, सावकाश वाढवत नेलेला जोर. सोडायचं, मोजायचं, पुन्हा रेटायचं. चौदाचे बारा झाले, मग अकरा, मग दहा. दहाला चौकटीच्या मुळाशी रंगाला केसासारखी भेग गेली. तिथे पुट्टीचा थर होता. तिथेच थांबलो. तेवढा दरवाजा उतरवून खरवडून पुन्हा रंगवला. बाकी सगळीकडे सात ते नऊ, त्या एका कोपऱ्यात दहा. मी ते वहीत लिहून ठेवलं आणि सरांना फोनवर सांगितलंही.

मग सगळ्या पट्ट्या आधी नुसत्या कागदी चिकटपट्टीने लावून दरवाजे बंद करून पाहिले. ही पायरी रंगाच्या आधी, प्रायमरवर असताना करायची असते, हे आता मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. पट्टीच्या माथ्यावर खडू फिरवायचा, दरवाजा लावायचा, समोरच्या पत्र्यावर रेघ उमटते ती बघायची. रेघ तुटली तिथे टेकत नाही, फार रुंद झाली तिथे चेंगरतं आहे. शिवाय कागदाची पट्टी दरवाजात धरून ओढून बघायची. अडखळत, कुरकुरत निघाली पाहिजे. अलगद निघाली तर फट आहे, फाटली तर जास्त दाब आहे.

डिकीची पन्हळ पत्र्यापर्यंत खरवडली, इपॉक्सी प्रायमर, वर रंगाचे पातळ दोनच हात, आणि मग सहा आठवडे तिला हात लावला नाही. गाडी झाकून ठेवली. गॅरेजची जागा अडली, दुसरं एक काम परत पाठवावं लागलं. तरी थांबलो.

जानेवारीच्या शेवटी, दुपारच्या कोरड्या हवेत रबर लावलं. पट्टीचा पाय १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून त्याची चमक घालवली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. मग प्रायमरचा पातळ हात. रंगाच्या बाजूला जिथे पाय बसणार तेवढीच पट्टी बारीक पेपरने मंद केली, दोन्ही कडांना कागदी टेप लावून. सोल्युशन यावेळी गाड्यांच्या रबरासाठीच मिळणारं, उष्णता सोसणारं घेतलं. दोन्हीकडे पातळ थर, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. बोटाची मागची बाजू टेकवली की ओढ जाणवली पाहिजे पण बोटाला काही लागता कामा नये. पाऊण फुटापेक्षा जास्त लांबी एका वेळी घेऊ नये, कारण दोन कोरडे थर एकमेकांना टेकले की तिथेच धरतात. सरकवून जागेवर आणायला दुसरी संधी नसते.

खरी कला कोपऱ्यांत आहे आणि ती मला मामांच्या हातांकडे बघून समजली. गेल्या वेळी पोराने पट्टी ताणून, शिस्तीत सरळ लावली होती. दिसायला सुरेख. पण ताणलेलं रबर आपली मूळ लांबी विसरत नाही. महिनाभरात ते आखडतं, कोपऱ्यातून उठून आतल्या बाजूने जवळची वाट धरतं आणि जोडावर बोट मावेल एवढी फट पाडतं. मामा उलटं करत होते. प्रत्येक वितीला पट्टी किंचित मागे रेटून, जणू कणीक चेपावी तशी, भरत नेत होते. कोपऱ्यात तर थोडी जास्तच. तीन मीटरच्या घेराला दोन-तीन सेंटीमीटर पट्टी जास्त खपते. जोड दरवाजाच्या खालच्या कडेला; वर जोड ठेवला की पाण्याला ती वाटच मिळते. टोकं नव्या ब्लेडने काटकोनात कापून, सायनोॲक्रिलेटचा एकच थेंब, आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचं. लांबीभर पट्टी चिकटवायला मात्र हा झटपट गोंद वापरू नये. तो कडक होतो, दरवाजाच्या रोजच्या आपटीने तडकतो.

पुढची काच मी अखेरपर्यंत मागे ठेवली होती. तिचं रबर गोंदावर नाही, आकारावर बसतं. आधी रबर काचेभोवती चढवायचं. मग चौकटीच्या पत्र्यावर बसणाऱ्या बाहेरच्या खोबणीत नायलॉनची दोरी फिरवून टोकं खाली मध्यभागी, वीतभर एकमेकांवर चढवून, आत सोडायची. पत्र्याच्या कडेला साबणाचं पाणी. तेल किंवा ग्रीस कदापि नाही. काच बाहेरून चौकटीला टेकवायची. एकाने आत बसून दोरी काचेच्या मध्याकडे ओढत न्यायची, तसतशी रबराची आतली ओठी पत्र्यावरून उलटून आत येते; बाहेरच्याने नेमकं त्याच जागी तळहाताने दाबायचं. दोघांचा ताल जमला पाहिजे. आमचा दुसऱ्या खेपेला जमला. रबर आदल्या रात्री गुंडाळी सोडून सपाट ठेवलं होतं आणि सकाळी तासभर उन्हात, त्याचाही उपयोग झाला. बाहेरच्या ओठीखाली ब्युटाइल, म्हणजे कधीही न सुकणारा चिकट लगदा, भरला. सिलिकॉनची नळी आता आमच्या गॅरेजात येतच नाही.

पाणी आणि कुंभार्ली घाट

यावेळी पाणी मारलं. जोराचा फवारा नाही, नुसता वाहता पाइप, खालून वर जात. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि वाट कुठली ते कळत नाही. एकेका भागावर दहा मिनिटं. मी आत टॉर्च घेऊन, फरशीवर वर्तमानपत्र, रबराच्या आतल्या कडेला टाल्कम पावडरचा हात. ओघळ आला की पावडरीत रेघ उठते. एकही उठली नाही. गाडी फेब्रुवारीत चिपळूणला गेली.

जुलैमध्ये सरांनी मला बोलावून घेतलं. गाडी कराडला काही कामासाठी आणली होती, परत जाताना बरोबर चला म्हणाले. उंब्रज, पाटण, कोयनानगर, आणि मग कुंभार्ली घाट. सह्याद्रीच्या त्या उतारावर पाऊस आडवा येतो. वायपर चालू असूनही दोन वळणांपलीकडचं दिसत नव्हतं. मी मागच्या उजव्या बाजूला मुद्दाम बसलो होतो आणि वरच्या कोपऱ्यावर बोट टेकवून होतो. कोरडं. चौकटीची कड कोरडी. डिकीत टाकलेलं वर्तमानपत्र खाली उतरल्यावर बघितलं, कोरडं.

आणि पुढे डाव्या बाजूला, सरांच्या पत्नी बसल्या होत्या तिथे, पायाखाली ओल.

दरवाजाच्या रबराला खडूची रेघ होती, काचेचं रबर आतून सुकं होतं. अर्धा तास काही सुचेना. मग चिपळुणात गाडी थांबल्यावर बाईंनी दरवाजा उघडला आणि दरवाजाच्या पोटात पाणी हिंदकळल्याचा आवाज आला. अगदी स्पष्ट.

काच खालीवर होणाऱ्या प्रत्येक दरवाजाच्या आत पाणी जातंच. काचेवरून ओघळणारं पाणी बाहेरची पट्टी पूर्ण अडवत नाही, अडवावं अशी अपेक्षाही नसते. ते दरवाजाच्या पोकळीतून खाली उतरतं आणि तळाच्या कडेला ठेवलेल्या चिरांमधून बाहेर पडतं. त्या दरवाजाला पट्टी खाली थोडी सरकून बसली होती, आणि दाबताना पिळून निघालेलं सोल्युशन दोन्ही चिरांवर वाळलं होतं. फेब्रुवारीत आम्ही दहा मिनिटांच्या हिशेबाने पाणी मारलं, तेवढ्यात दरवाजा भरला नव्हता. घाटात दोन तासांत भरला, आणि आतल्या पुठ्ठ्याच्या खालच्या कडेवरून पाणी गाडीत उतरलं.

सरांच्या अंगणात, छपराखाली, स्क्रूड्रायव्हरने चिरा मोकळ्या केल्या. तांब्याभर पाणी बदाबदा आलं. पट्टीला चिरांच्या जागी ब्लेडने खाचा दिल्या. आतला पुठ्ठा काढला तर मागचा प्लास्टिकचा कागद एका कोपऱ्यात फाटलेला. तो बाजारातून जाड प्लास्टिक आणून बदलला, खालची कड दरवाजाच्या पोटात वळवून, म्हणजे त्यावर उडालेलं पाणी पुन्हा पोकळीतच जाईल. बाकीचे तीन दरवाजेही तपासले. एकाची एक चीर निम्मी बुजलेली होती.

आता माझ्या तपासणीत एक पायरी वाढली आहे: काच अर्धी खाली करून दरवाजाच्या फटीत बादलीभर पाणी ओततो आणि खालून किती वेळात निघतं ते बघतो.

सर दर दोन महिन्यांनी रबरं साबणाच्या पाण्याने पुसतात आणि खडूने रेघ काढून फोटो पाठवतात. डॅशबोर्डला लावायचं चकाकणारं पॉलिश रबराला लावू नका, असं मी त्यांना बजावून ठेवलं आहे. तीन दरवाजांची रेघ वर्षभरात बदललेली नाही. मागच्या उजव्या दरवाजाची वरच्या कोपऱ्यातली रेघ सुरुवातीपासून बारीक होती, कारण तिथे पट्टी दोनच मिलिमीटर दबते. यंदाच्या मे महिन्यातल्या फोटोत ती दोन ठिकाणी तुटलेली दिसते. रबर सतत दबलेलं राहिलं की त्याची उंची थोडी कायमची कमी होते, आणि त्या कोपऱ्यात कमी व्हायला उंचीच शिल्लक नव्हती. याच मापात चौदा मिलिमीटर उंचीची पट्टी कुर्ल्याच्या एका दुकानात मिळाली आहे. ती गुंडाळी सैल ठेवून, टाल्क लावून, पत्र्याच्या डब्यात अंधारात ठेवली आहे. हा पाऊस त्या कोपऱ्याला बाहेरून टेप लावून काढायचा. दिवाळीनंतर गाडी पुण्याला येईल, आणि मामांनी सांगितलंय की त्या दिवशी दुसरं कुठलंही काम घ्यायचं नाही.